ऐतिहासिक पोशाखाचे घरगुती शिवण : बंद, कळी आणि शब्द

भारतीय वेषभूषेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आजवर मुख्यतः शिल्पे, भित्तिचित्रे, लघुचित्रे आणि ग्रंथातील उल्लेख यांवर भिस्त ठेवली आहे. मोतीचंद्र यांचा ‘प्राचीन भारतीय वेशभूषा’ हा हिंदी ग्रंथ १९५० मध्ये आणि गो. स. घुर्ये यांचा ‘इंडियन कॉश्च्यूम’ हा ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. या दोन्ही ग्रंथांनी विषयाचा पाया घातला, हे निर्विवाद आहे. तथापि या साधनांहून निराळे असे एक साधन प्रत्येक मराठी घरात असते, आणि त्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. ते साधन म्हणजे मुलासाठी अंगरखा शिवणाऱ्या गृहिणीचा हात व त्या हाताबरोबर चालणारी तिची भाषा. शिवजयंतीची मिरवणूक, शाळेतील स्नेहसंमेलन किंवा गणेशोत्सवातील देखावा या निमित्ताने घरोघरी बालशिवाजी, मावळे, जिजाबाई व झाशीची राणी यांचे पोशाख बेतले जातात. हे पोशाख ‘खोटे’ असतात, असे म्हणून इतिहासज्ञ त्यांना बाजूस सारतात. ते कोठे खोटे असतात, कोठे अनपेक्षितपणे खरे असतात, आणि त्यांतील चुका नेमक्या कोणाच्या पदरी घालावयाच्या, या प्रश्नांचा विचार मात्र झालेला नाही.

या प्रथेचे वय फार मोठे नाही. १८९४ च्या सुमारास पुण्यातील सार्वजनिक गणेशोत्सवात मेळे निघू लागले. त्यांतील मुले शिवकालीन शिपायांसारखा वेष करून, हातात काठ्या घेऊन गात जात असत. १८९६ मध्ये रायगडावर शिवजयंतीचा सार्वजनिक उत्सव झाला. तत्पूर्वी अर्धशतकापासून, म्हणजे विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस ‘सीतास्वयंवर’ सादर केल्यापासून, नाटकमंडळ्यांच्या पेटाऱ्यांत राजे, ऋषी आणि राक्षस यांचे कपडे साठत होतेच. परंतु नाटकाचा कपडा मंडळीच्या शिंप्याने शिवलेला असे आणि तो मंडळीच्या मालकीचा असे. मेळ्यातील मुलाचा कपडा आईने किंवा आत्याने शिवावयाचा, हा नवा प्रकार होता. त्याला पुढे दोन गोष्टींचे साहाय्य झाले. एक म्हणजे शिवणयंत्र, जे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात शहरांत दिसू लागले. दुसरी गोष्ट म्हणजे स्त्रियांसाठी निघालेले शिवणाचे वर्ग. पुण्याच्या सेवासदन संस्थेने (स्थापना १९०९) या कामी केलेला प्रसार सर्वश्रुत आहे. पुढे बाबूराव पेंटर यांच्या ‘सिंहगड’ (१९२३) सारख्या बोलपटपूर्व चित्रपटांनी व छापील रंगीत चित्रांनी ऐतिहासिक पुरुष कसा दिसावा याचा एक ठसा घराघरांत उमटविला.

येथेच घोटाळ्याचे मूळ आहे. घरी शिवणारी स्त्री आपल्यासमोर असलेल्या चित्रावरून शिवते, आणि ते चित्र बहुधा शिवकालाचे नसून विसाव्या शतकाचे असते. जांभळा किंवा गर्द तांबडा साटीनचा अंगरखा, त्यावर सोनेरी पट्टी, पाठीवर शेला आणि मोत्यांच्या माळांची गर्दी हे रूप कॅलेंडराने रूढ केले. सतराव्या शतकाच्या अखेरच्या ज्या चित्रांत शिवाजीमहाराजांचे रूप आढळते, ती चित्रे याहून पुष्कळ वेगळी आहेत. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये डच ग्रंथकार व्हॅलेंटाइन याच्या ग्रंथाच्या आधारे महाराजांचे अस्सल चित्र उजेडात आणले, आणि तोपर्यंत महाराजांचे म्हणून प्रचारात असलेले चित्र दुसऱ्याच कोणाचे असल्याचे दाखवून दिले. या जातीच्या चित्रांतील जामा हलक्या कापडाचा आहे. कमरेस पटका आहे, डोईस तुरा लावलेले पागोटे आहे, पायांत सुरवार आहे. दख्खनच्या उन्हात घोड्यावर बसणाऱ्या माणसाने साटीन घालावे, ही कल्पना छापखान्याला सुचली. शिंप्याला ती सुचली नसती.

आता बंदांचा विचार करू. जामा किंवा अंगरखा यास पुढे गुंड्या नसतात. एक पाखा दुसऱ्यावर आणून तो काखेजवळ बंदांनी बांधतात. हे बंद डाव्या काखेखाली असावेत की उजव्या, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. मोगल व दख्खनी चित्रांत सामान्यतः हिंदूंचे बंद डावीकडे व मुसलमानांचे उजवीकडे असा संकेत दिसतो, आणि चित्राभ्यासक अनोळखी व्यक्तीची ओळख पटविताना त्याचा उपयोग करतात. ‘ऐन-इ-अकबरी’त अबुल फजलने ‘तकौचिया’ या हिंदी धर्तीच्या, अस्तर नसलेल्या अंगरख्याचे वर्णन केले आहे. पूर्वी त्याच्या घेरास चिरा असत व तो डावीकडे बांधीत. अकबराने घेर गोल करण्याची व बंद उजवीकडे आणण्याची आज्ञा केली. त्यास सात गज सात गिरह कापड लागे, सोळा गिरहांचा एक गज धरून. एका बादशहाने बंदांची बाजू बदलण्याची आज्ञा द्यावी, यावरून त्या चार बोटांच्या नाडीला केवढा अर्थ होता हे दिसते. घरी शिवताना मात्र हा अर्थ सहज उलटतो. शिवणारीच्या समोर चित्र असते. चित्रातील माणसाची डावी बाजू तिच्या उजव्या हातास येते. कापड जमिनीवर पसरून ती चित्राबरहुकूम कापते, आणि तयार अंगरखा मुलाच्या अंगावर चढतो तेव्हा बंद पलीकडे गेलेले असतात. त्यात आणखी एक भर अशी की तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या जुन्या युरोपीय चित्रांत मूळ चित्राची डावी-उजवी बाजू उलटण्याचा संभव असतो. दोन्ही चुका एकदम झाल्या तर एक दुसरीस खोडून काढते, हा भाग अलाहिदा.

अकबराने पोशाखाच्या बाजूच नव्हे तर नावेही बदलली होती. जाम्यास ‘सर्बगाती’, पटक्यास ‘कटजेब’, बुरख्यास ‘चित्रगुपित’, शालीस ‘परमनरम’, पादत्राणास ‘चरनधरन’ अशी नवी नावे त्याने पाडली. त्यांतील संस्कृत-हिंदी शब्दांची सरमिसळ मोठी मौजेची आहे. परंतु भाषेच्या व्यवहारात त्या नावांचा मागमूस उरला नाही. जामा जामाच राहिला. त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी शिवाजीमहाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला व फारसी-दख्खनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. दोन्ही प्रयत्नांचे हेतू अगदी भिन्न होते. राजसभेतील काही पदनामांवर दुसऱ्या प्रयत्नाचा परिणाम झाला, हेही खरे. पण सुई-दोऱ्याच्या जगात राजाज्ञेचा हात पोहोचत नाही. तेथे शब्द वस्तूबरोबर येतो, वस्तूबरोबर राहतो, आणि पुष्कळदा वस्तू गेल्यावरही रेंगाळतो.

घरगुती शिवणाच्या शब्दसंग्रहाकडे या दृष्टीने पाहिले तर त्याचे थर स्पष्ट दिसतात. सर्वांत तळाशी सुई (सूची), शिवणे (सीव्), उसवणे (उद् + सीव्), कात्री (कर्तरी), गाठ (ग्रंथि) हे शब्द आहेत. ‘हिंदुस्थानात मुसलमान येईपर्यंत शिवलेला कपडा नव्हता’ असे विधान अजूनही अधूनमधून ऐकू येते. अमरकोशात तुन्नवाय व सौचिक हे शिंप्याचे दोन पर्याय दिले आहेत, आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील महाजनक जातकाच्या चित्रात लांब बाह्यांचा शिवलेला अंगवस्त्राचा प्रकार नर्तकीच्या अंगावर स्पष्ट दिसतो. एवढ्यावरून त्या विधानाची वासलात लागावी. शिंपी हा शब्द ‘शिल्पिन्’पासून व्युत्पादिला जातो, तोही याच थरातला, नामदेवांच्या काळी तो व्यवसाय व ती जात दोन्ही स्थिर झालेली दिसतात.

त्यावरचा थर फारसी व अरबी शब्दांचा. जामा, पायजामा, अस्तर, खिसा, जरी, मखमल, किनखाब, मगजी, अस्तनी, पैरण ही त्यांतील काही उदाहरणे. पैरण म्हणजे फारसी ‘पीराहन’. अस्तनी म्हणजे बाही, फारसी ‘आस्तीन’. आज मराठी माणसास अस्तनी म्हणजे काय असे विचारले तर शंभरात नव्वद जण गोंधळतील; तथापि ‘अस्तनीतला निखारा’ हा वाक्प्रचार त्यांच्या तोंडी असतो. हिंदीत आस्तीनमध्ये साप असतो, मराठीत निखारा. दोन्ही कल्पना शक्य होण्यासाठी बाही ढिली, लांब आणि मनगटापाशी चुण्या पडणारी असावी लागते. आजच्या सदऱ्याच्या बाहीत निखारा दडविणे अशक्य आहे. म्हणजे कपडा गेला, पण त्याचे माप वाक्प्रचारात शिल्लक राहिले.

तिसरा थर पोर्तुगीज. काज (casa चा अर्थ ‘घर’, गुंडीचे घर), फीत, इस्त्री, साया हे शब्द किनारपट्टीवरून वर आले. बटण इंग्रजीतून आले. यांपैकी ‘काज’ हा शब्द प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. गुंडी हा शब्द जुना आहे, पण जुनी गुंडी दोऱ्याच्या फाशात अडकत असे. कापडास चीर देऊन तिच्या कडा टाक्याने बांधून घेण्याची क्रिया व तिचे नाव बरोबर आले असावे, असे मानण्यास जागा आहे. घरी शिवलेल्या बालशिवाजीच्या अंगरख्याला पुढे पाच काज करून बटणे लावली जातात व वर शोभेला बंद शिवले जातात, तेव्हा दोन शतकांचे अंतर एका छातीवर एकत्र येते. ‘बंद’ हा शब्द तर असा की संस्कृत ‘बंध’ आणि फारसी ‘बंद’ या दोन सख्ख्या चुलत शब्दांपैकी कोणत्या घरातून तो आला, हे मराठीत सांगणे कठीण जाते.

बाराबंदीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. नावाप्रमाणे बारा बंद, म्हणजे सहा जोड्या. हा आखूड अंगरखा इतरत्र चित्रात व नाटकात उरला असला तरी सोलापुरात तो जिवंत आहे. मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज वाहणारे भक्त पांढरी शुभ्र बाराबंदी घालतात. ती चित्रावरून शिवली जात नाही. मागील वर्षीच्या बाराबंदीवरून शिवली जाते. कॅलेंडराने तिला साटीन चढविलेले नाही. चित्रावरून उतरलेला पोशाख आणि कपड्यावरून उतरलेला पोशाख यांतील भेद समजून घेण्यास याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

आता बेताकडे वळू. अंगरख्याचे खरे रहस्य त्याच्या घेरात आहे, आणि घेराचे रहस्य कळीत. हातमागाचा पन्हा अरुंद असे. विणलेले कापड म्हणजे श्रम. त्याचे तुकडे वाया घालविणे परवडणारे नव्हते. म्हणून जुना शिंपी एका लांबट आयताला कोपऱ्याजवळून कोपऱ्यापर्यंत तिरपा छेद देई. एका छेदात दोन कळ्या मिळत. एकीचे टोक वर व दुसरीचे खाली. दुसरी फिरवून घेतली की दोन्ही सारख्या होत, आणि कापडाचा एक दोराही वाया जात नसे. अशा कळ्या एकमेकींस जोडल्या म्हणजे वर कमरेशी कपडा अंगाबरोबर राहतो व खाली पायांशी फुलतो. चुणी एकही नसते. घरी शिवणारी स्त्री मात्र बहुधा परकराची किंवा फ्रॉकची रीत वापरते, कारण तिला तीच शिकविलेली असते. ती सरळ कापड घेऊन कमरेवर चुण्या घालते. परिणाम असा होतो की कमरेशी कापडाचा जाड गठ्ठा जमतो, घेर खाली न फुलता बाजूंना उभा राहतो, आणि छत्रपती फ्रॉक घातल्यासारखे दिसू लागतात. मुलगा आरशात पाहून रडला तर त्याला दोष देता येत नाही.

दुसरे स्थान बगलेचे. जुन्या अंगरख्याचा खांदा सरळ असतो, बाही सरळ जोडलेली असते, आणि काखेत एक चौकोनी तुकडा बसविलेला असतो. त्यालाच बगल किंवा चौबगला म्हणत. हा तुकडा नसेल तर हात वर करताच सबंध अंगरखा वर ओढला जातो किंवा काखेत उसवतो. आजच्या बेतात मुंढ्याला गोलाई देऊन बाही बसवितात. तीत हात खाली असताना कपडा चोपून बसतो, पण हात वर नेण्यास मोकळीक कमी राहते. तलवार उपसलेला बालशिवाजी रंगमंचावर उभा राहतो आणि पहिल्याच आवेशात काखेतली शिवण जाते, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्याला अपघात म्हणता येणार नाही. बगलेचा तो चौकोन लढणाऱ्या, घोड्यावर चढणाऱ्या व नांगर हाकणाऱ्या माणसाच्या हालचालीचा लिहून ठेवलेला पुरावाच होय. ग्रंथात तो तुकडा क्वचितच नोंदलेला असतो, चित्रात तो हाताखाली झाकलेला असतो. उसवलेली काख दुरुस्त करण्यासाठी जेव्हा आजी आतून एक चौकोनी ठिगळ बसविते, तेव्हा ती नकळत सतराव्या शतकाच्या शिंप्याच्या निर्णयाशी येऊन पोहोचते. लहान मुलांच्या जुन्या अंगड्यांत असे तुकडे तिने पूर्वी घातलेलेही असतात.

यास्तव घरगुती पोशाखातील चुकांचा जाब शिवणारीला विचारणे अन्यायाचे आहे. चुका चित्राच्या असतात, किंवा विलायती धर्तीच्या बेताच्या असतात. तिच्या हाताचे ज्ञान त्या चुका पुष्कळदा सुधारते. या ज्ञानाची परिभाषा विद्यापीठीय कोशांत नीट संग्रहित झालेली नाही, ही खरी हानी होय. मोल्सवर्थने आपल्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) असे अनेक शब्द टिपले, ते त्याच्या पंडितांच्या चिकाटीमुळे. त्यानंतर यंत्र आले, ‘शोल्डर’, ‘आर्महोल’, ‘डार्ट’ हे शब्द आले, आणि जुन्यांची वर्दळ कमी झाली. जे राहिले त्यांत अर्थाच्या छटा किती आहेत पाहा. ‘बेतणे’ म्हणजे मापाने कापणे, आणि ‘बेत’ म्हणजे योजना. ‘बेताचे’ म्हणजे मोजके, आणि ‘जिवावर बेतणे’ यात तर कात्री माणसापर्यंत येऊन पोहोचते. ‘टाचणे’ म्हणजे पक्की शिवण घालण्यापूर्वी कच्चे टाके घालणे. त्यावरूनच प्राध्यापक वर्गात नेतो ते ‘टाचण’, जे त्याने पुढे पक्के करावे अशी अपेक्षा असते. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, त्यास ‘माया’ म्हणतात. वाढत्या अंगाच्या मुलासाठी शिवताना माया अधिक ठेवावी, पुढील वर्षी उसवून कपडा मोठा करता येतो, असा घरोघरचा शिरस्ता आहे. भाड्याने मिळणाऱ्या पोशाखात माया नसते. तो अनेक मुलांच्या अंगावर सारखाच ढगळ बसतो.

मुलींच्या पोशाखाची गोष्ट याच्या उलट आहे. जिजाबाई किंवा झाशीची राणी होणाऱ्या मुलीचे मुख्य वस्त्र मुळात शिवलेलेच नसते. नऊ वारांचे लुगडे, म्हणजे सत्तावीस फूट कापड, निऱ्या व कासोटा (कक्षा + पट्ट) यांच्या बळावर अंगावर उभे राहते. सहा-सात वर्षांच्या मुलीला ते सावरत नाही, आणि नेसविण्याची कला अनेक घरांतून गेली आहे. म्हणून आता ‘शिवलेली नऊवारी’ निघाली आहे : निऱ्या टाचलेल्या, कासोटा जागच्या जागी शिवलेला, कमरेस नाडी किंवा इलॅस्टिक. पंचवीस वर्षांमागे हा शब्दप्रयोग वदतोव्याघात वाटला असता. आता दुकानाच्या पाटीवर तो निर्विकारपणे लिहिलेला असतो. याला हसण्याचे कारण नाही. न शिवलेल्या वस्त्राचे शिवणात रूपांतर करावयाचे म्हणजे निरी कोठे सुटते, कासोट्याचा ताण कोठे पडतो, चालताना कापड कोणीकडे सरकते याचे बारकाईने निरीक्षण करावे लागते. घरी अशी नऊवारी शिवणारी स्त्री आधी स्वतः लुगडे नेसून पाहते, टाचण्या लावते, आणि मग ते उतरवून जमिनीवर पसरते. लुगड्याच्या रचनेचा इतका काटेकोर अभ्यास वेषभूषेच्या ग्रंथांत अपवादानेच आढळेल. चोळीच्या बाबतीत तर तिला फारसा शोध घ्यावा लागत नाही. खण हे कापडच चोळीच्या मापाने विणलेले असते. त्याचा काठ बाहीवर कसा यावा हे विणकराने आधीच ठरवून ठेवलेले असते.

घरी शिवलेल्या या पोशाखांपैकी संग्रहालयात जवळजवळ काहीच पोहोचत नाही. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जुनी वस्त्रे आहेत, पण ती प्रायः खऱ्या वापरातील व श्रीमंत घरची. मेळ्यासाठी जुन्या शालूच्या पदरातून बेतलेला जामा कोणी जपून ठेवीत नसे. एका मुलाचा तो धाकट्याला होई, धाकट्याचा शेजारच्या मुलाला. मग जर निघून जाई, बंद तुटत, आणि शेवटी कोणी तरी दुपारच्या वेळी सुई घेऊन तो उसवीत बसे. चांगले राहिलेले तुकडे गोधडीत जात. धावदोऱ्याने शिवलेल्या अशा जुन्या गोधड्यांत चौकोनी तुकड्यांच्या ओळीत मध्येच एखादा लांबट, एका टोकास निमुळता होत गेलेला रंगीत तुकडा आढळतो. त्याच्या तिरप्या कडेवर जुन्या टिपेची भोके दिसतात, आणि ती कळी होती हे ओळखू येते.